शियोंचा किल्ला आणि त्याची हिशेबाची वही

(मंडळाच्या वर्धापनदिनी भगिनींपुढे केलेले भाषण)



दरवर्षी वर्धापनदिनाला आपण बाहेरून कोणीतरी विदुषी बोलावतो. यंदा आपल्यातल्याच एकीने बोलावे असे ठरले आणि ती पाळी माझ्यावर आली. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे आणि उभा जन्म स्वयंपाकघरात गेलेला. तेव्हा हे व्याख्यान न समजता दुपारच्या गप्पा समजून ऐकावे, एवढीच प्रथम विनंती.

मी भाचीच्या बाळंतपणासाठी स्वित्झर्लंडला दोन महिने जाऊन आले, हे तुम्हां सगळ्यांना ठाऊक आहे. डिंकाचे लाडू आणि बाळंतशोपा घेऊन गेले होते. परत आल्यापासून जी भेटते ती बर्फाचे विचारते आणि चॉकलेटचे विचारते. बर्फाचे डोंगर आपण सगळ्यांनी सिनेमात पाहिलेले आहेत, आणि चॉकलेट तर मी वाटलेही. आज मला बोलायचे आहे ते तिथल्या एका जुन्या किल्ल्याविषयी. त्याचे नाव शियों. बाळाला बाबागाडीत घालून भाची आणि मी त्या किल्ल्यात तीन वेळा गेलो. तिथल्या पाट्या ती मला मराठीत सांगे आणि घरी आल्यावर पुस्तकातला मजकूर वाचून दाखवी. त्यातले जे माझ्या मनात राहिले ते तुमच्यापुढे ठेवते.

आधी जागा कशी आहे ते सांगते. लेमान नावाचे एक फार मोठे तळे आहे. एका टोकाला जिनिव्हा शहर, आणि दुसऱ्या, पूर्वेच्या टोकाला आल्प्स पर्वत थेट पाण्यापर्यंत उतरलेला. तिथे डोंगर आणि पाणी यांच्यामध्ये जेमतेम एक रस्ता जाईल एवढीच पट्टी उरते. अगदी त्या चिंचोळ्या जागी, काठापासून पुलाच्या अंतरावर पाण्यात एक खडक आहे, आणि त्या खडकावर हा किल्ला. आपला जंजिरा किंवा सिंधुदुर्ग समुद्रात दूर उभा आहे, तसा हा दूर नाही. दाराशी उभे राहिलेल्या माणसाने रस्त्यावरच्या माणसाला हाक मारावी इतका जवळ आहे. लांबी असेल शंभर मीटर. मोंत्रो हे गाव तिथून चालत जाण्याइतके जवळ.

या किल्ल्याला दोन तोंडे आहेत. रस्त्याच्या बाजूने पाहिले तर जाड भिंती, अर्धगोल बुरूज, बाण मारायला अरुंद फटी. तळ्याच्या बाजूने पाहिले तर मोठ्या, कमानदार, नक्षीच्या खिडक्या, जणू एखादा राजवाडा. भाची म्हणाली, "मावशी, रस्त्याकडे तोंड करून पैसे मागायचे आणि तळ्याकडे तोंड करून जेवायचे." मला हे फार पटले, कारण किल्ल्याचा सगळा इतिहास त्या एका वाक्यात येतो.

पैसे कशाचे, तर जकातीचे. इटलीतून निघालेला व्यापारी किंवा रोमहून परतणारा यात्रेकरू सेंट बर्नार्ड नावाची खिंड ओलांडून येई. ही खिंड जवळजवळ अडीच हजार मीटर उंच आहे. खिंड उतरल्यावर उत्तरेकडे जायचे तर या तळ्याकाठच्या पट्टीवरूनच जावे लागे, दुसरी वाट नाही. म्हणून ज्याच्या हातात तो खडक, त्याच्या हातात वाट. किल्ल्याचा जुना लेखी उल्लेख ११५० सालचा आहे. त्या वेळी तो सव्हॉयच्या घराण्याकडे होता. हे सव्हॉयचे सरदार आल्प्सच्या दोन्ही अंगांना राज्य करीत. १२१४ साली त्यांनी शेजारीच व्हिलनव्ह म्हणजे 'नवे गाव' वसविले, आणि जकातीचा कारभार तिथे चालू लागला.

तेराव्या शतकात याच घराण्यातला पिएर नावाचा पुरुष फार कर्तबगार निघाला. त्याची एक भाची इंग्लंडच्या राजाला दिली होती. भाचीच्या लग्नाने मामाचे भाग्य उघडले. इंग्लंडच्या राजाने त्याला जमिनी दिल्या, लंडनमध्ये जागा दिली. लंडनच्या त्या जागेला अजून सव्हॉय हेच नाव आहे. या पिएरने शियोंचा किल्ला वाढविला आणि मजबूत केला. इतिहासाच्या पुस्तकात त्याचे नाव मोठ्या अक्षरांत आहे. भाचीचे नाव एलिनोर. लग्न तिने केले आणि बुरूज मामाने बांधले, एवढे माझ्या ध्यानात राहिले.

आता ज्या गोष्टीमुळे मला हे भाषण करावेसे वाटले ती सांगते. सात-साडेसातशे वर्षांपूर्वी या किल्ल्यात कोणते काम केव्हा झाले, हे आज लोकांना कसे कळते? शिलालेखावरून नव्हे, पोवाड्यावरूनही नव्हे. ते कळते हिशेबाच्या वह्यांवरून. सव्हॉयचा सरदार किल्ल्यात कायमचा राहत नसे. तो या गावाहून त्या गावी फिरत असे, आणि सामानसुमान, गालिचे, भांडी सगळे बरोबर हिंडे. मागे किल्लेदार राही. त्या किल्लेदाराने जमाखर्च लिहून ठेवायचा आणि वरिष्ठांपुढे तपासून घ्यायचा असा शिरस्ता होता. वही म्हणजे चामड्याचे लांबलचक गुंडाळे, आपल्या जन्मपत्रिकेसारखे. जकात किती आली, दंड किती वसूल झाला, सुताराला काय दिले, गवंड्याला काय दिले, छपराची दुरुस्ती किती रुपयांना पडली. रुपये म्हणजे अर्थात त्यांचे नाणे. यातली पुष्कळशी गुंडाळी आज इटलीतल्या तुरिन शहराच्या दप्तरखान्यात आहेत, आणि विद्वान लोक ती वाचतात.

भगिनींनो, आपण रोज रात्री दुधाचा, वाण्याचा, भाजीचा हिशेब लिहितो तेव्हा त्याला कोणी इतिहास म्हणत नाही. घरातली माणसे हसतातही. पण राजे गेले, त्यांचे गालिचे गेले, आणि खिळ्यांचा हिशेब राहिला. तो राहिला म्हणून किल्ला कळला.

आता आत जाऊ. आत तीन-चार चौक आहेत, आणि भोवती लहानमोठ्या पंचवीसएक इमारती एकमेकींना चिकटून उभ्या आहेत. जसजशी गरज पडली तसतसे बांधीत गेले. एका भल्यामोठ्या दालनात ओकच्या लाकडाचे जाड खांब आहेत आणि भिंतीत अशी चूल आहे की तिच्यात आपली एखादी खोली मावेल. सव्हॉयच्या काळी ते किल्लेदाराचे जेवणघर होते. पुढे बर्नच्या अमलात तिथे स्वयंपाकघर झाले. तिथे मी पुष्कळ वेळ थांबले. खांबांना हात लावून पाहिला. सातशे वर्षांचे लाकूड म्हणतात. सरदाराच्या निजायच्या खोलीत भिंतींवर चौदाव्या शतकातली चित्रे आहेत, हिरवळ आणि प्राणी. रंग उडाले आहेत तरी ओळखू येतात. देवघर आहे, तिथेही चित्रे आहेत. आणि सांगायला हरकत नाही, शौचकूपही दाखवतात. लाकडी फळीला भोके पाडलेली, शेजारी शेजारी दोन, आणि खाली खोल नळकांडे थेट तळ्यात. आमच्या मागे उभ्या असलेल्या परदेशी बायका हसल्या, मीही हसले. सरदार असो की चाकर, त्या बाबतीत सारखेच.

मग जिना उतरून तळघरात गेलो. तळघर म्हणताच अंधारी कोंदट जागा डोळ्यांपुढे येते, पण हे तसे नाही. देवळाच्या सभामंडपासारखे खांब, वर कमानी, आणि तळ्याकडच्या फटींतून येणारा उजेड पाण्यावरून उडून छतावर हलत असतो. पाहताना क्षणभर सुंदर वाटते. वरच्या दालनांचा भार पेलायला हे बांधले आणि कोठार म्हणून वापरले. धान्य, द्राक्षाची दारू, शस्त्रे इथे ठेवीत. पण याच तळघरात माणसेही कोंडीत असत.

त्यातला एक कैदी जगप्रसिद्ध आहे. फ्रांस्वा बोनिव्हार त्याचे नाव. जिनिव्हाच्या एका मठाचा हा प्रमुख. जिनिव्हाने सव्हॉयच्या तावडीतून सुटावे असे त्याला वाटे, म्हणून १५३० साली त्याला पकडून शियोंला आणले. पहिली दोन वर्षे त्याला वरच्या खोलीत बऱ्यापैकी ठेवले. मग सव्हॉयचा ड्यूक किल्ल्यात आला, आणि त्यानंतर याला खाली तळघरात खांबाला जखडले. चार वर्षे तो तिथे होता. साखळी पुरेल तेवढ्याच अंतरात येरझारा घालून दगडात वाट पडली असे सांगतात. २९ मार्च १५३६ या दिवशी बर्नच्या सैन्याने किल्ला जिंकला आणि तो सुटला. पुढे जिनिव्हात राहिला, त्या शहराचा इतिहास लिहिला आणि १५७० साली म्हातारा होऊन वारला.

१८१६ च्या जून महिन्यात बायरन नावाचा इंग्रज कवी आपल्या शेली नावाच्या कविमित्राबरोबर होडीतून हा किल्ला पाहायला आला. त्या वर्षी युरोपात उन्हाळा पडलाच नाही. आदल्या वर्षी इंडोनेशियात तांबोरा नावाचा ज्वालामुखी फुटला होता आणि त्याच्या राखेने अर्ध्या जगाचे हवामान बिघडले होते. पावसाने अडकून पडलेल्या बायरनने तळ्याकाठच्या एका खानावळीत बसून शियोंच्या कैद्यावर दीर्घकाव्य लिहिले. त्यातला कैदी आणि खरा बोनिव्हार यांत पुष्कळ फरक आहे, पण ते काव्य युरोपभर गाजले. तेव्हापासून लोक त्या खांबाचे दर्शन घ्यायला येतात. बायरनचे नावही एका खांबावर कोरलेले आहे आणि त्यावर काच बसविली आहे. त्याच पावसाळी दिवसांत तळ्याच्या पलीकडच्या टोकाला मेरी नावाची अठरा वर्षांची मुलगी 'फ्रँकेन्स्टाइन' लिहीत होती. ती पुढे शेलीची बायको झाली. ते पुस्तकही दोनशे वर्षे वाचले जात आहे.

इथपर्यंतची गोष्ट सगळ्या प्रवाशांना माहीत असते. फोटो काढतात आणि वर जातात. आम्हीही पहिल्या खेपेस तसेच केले. दुसऱ्या खेपेस भाचीने सावकाश वाचले, आणि मग त्या तळघरात मला बसावेसे वाटेना.

१३४८ साली युरोपात प्लेगची महामारी आली. गावेच्या गावे ओस पडली. रोग कशाने होतो हे कोणाला कळत नव्हते, तेव्हा ज्यू लोकांनी विहिरींत विष घातले अशी आवई उठली. आपल्याकडे कोकणात बेने इस्रायल लोक शेकडो वर्षे तेल गाळून शेजारी म्हणून राहिले. तिकडे त्याच धर्माच्या लोकांवर हा प्रसंग आला. या तळ्याच्या आसपासच्या ज्यूंना पकडून शियोंच्या किल्ल्यात आणले आणि त्यांचे हाल केले. हाल सोसवेनात तेव्हा माणूस काहीही कबूल करतो, तसे त्यांनी कबूल केले. त्यांत बायकाही होत्या. किल्लेदाराने ते कबुलीजबाब नीट लिहून स्ट्रासबुर्ग शहराला पाठविले. पुढच्या फेब्रुवारीत, १३४९ साली, स्ट्रासबुर्गच्या ज्यूंना जिवंत जाळण्यात आले. विहिरीत विष नव्हते. विष त्या कागदात होते.

१५३६ नंतर किल्ला बर्नच्या ताब्यात गेला. बर्न हे शहर तेव्हा मोठी सत्ता होती. त्यांचा अंमलदार सहकुटुंब शियोंमध्ये राहू लागला. धर्म बदलला, निशाण बदलले, तळघर तेच राहिले. आता तिथे चेटकिणी म्हणून पकडलेल्या बाया येऊ लागल्या. कोणाची गाय आटली, कोणाचे मूल दगावले, गारा पडून द्राक्षे झडली, की गावातल्या एखाद्या एकट्या बाईवर आळ यायचा. काही पुरुषही होते, पण बाया जास्त. किल्ल्यात ठेवायचे, दोरीने टांगून कबूल करवायचे आणि जाळायचे. या व्हो नावाच्या प्रांतात पंधराव्या ते सतराव्या शतकात अशा रीतीने दोन हजारांच्या आसपास माणसे मारली असे इतिहासकार सांगतात. १५८१ ते १६२० या चाळीस वर्षांतच नऊशेच्या वर.

हे आकडे कुठून मिळाले असे मी भाचीला विचारले. ती म्हणाली, "मावशी, हिशेबाच्या वह्यांतून." अंमलदार दरसाल बर्नला जमाखर्च पाठवीत असे. त्यात दारूचे, धान्याचे, छपराचे आकडे, आणि त्यांतच माणसाला मृत्युदंड देण्यास आलेला खर्च. त्या नोंदी मोजल्या तेव्हा किती जीव गेले ते कळले.

मैत्रिणींनो, मघाशी मी हिशेबाच्या वहीचे कौतुक केले. त्या वहीचे हेही एक पान आहे. एक बाई जन्माला आली, तिने रांधले, पोरे वाढविली, गायीची धार काढली, आणि कागदावर तिची एकच खूण उरली: तिला मारायला सरकारला किती खर्च आला. बोनिव्हारच्या पायाची वाट दगडात दाखवतात. या बायांच्या पायांची वाट त्याच फरशीवर असेल, पण ती वेगळी दाखवता येत नाही. बोनिव्हारवर काव्य झाले, कारण तो लिहिणारा होता आणि त्याच्यावर लिहिणाराही भेटला. त्याच बोनिव्हारची चौथी बायको पूर्वी जोगीण होती. तिच्यावर व्यभिचाराचा आळ आला आणि १५६५ साली जिनिव्हात तिला देहान्ताची शिक्षा झाली. तुरुंगातून सुटलेल्या माणसाच्या घरात हे घडले. त्यावर कोणी काव्य केल्याचे ऐकिवात नाही.

एक गोष्ट मात्र तिथल्या लोकांची मला मानावीशी वाटली. हे त्यांनी झाकून ठेवलेले नाही. २०११ साली याच किल्ल्यात त्यांनी चेटकिणींच्या शिकारीविषयी प्रदर्शन भरविले होते. आपल्या वाडवडिलांनी काय केले ते आपल्याच पोरांना, जिथे केले तिथेच उभे करून सांगितले. पाहुण्यांना दिवाणखाना दाखवणे सोपे असते. माजघरातला काळोख दाखवायला छाती लागते.

पुढची हकीकत थोडक्यात सांगते. किल्ला राहायला गैरसोयीचा, दमट. म्हणून १७३३ साली बर्नचा अंमलदार आपले बिऱ्हाड उचलून व्हेवे गावी गेला. मग किल्ला कोठार झाला. १७९८ साली व्हो प्रांताने बर्नचे जू झुगारले आणि १८०३ पासून तो स्विस संघातला स्वतंत्र प्रांत झाला. किल्ला त्या प्रांताच्या मालकीचा झाला. तरी काम तेच, दारूगोळा ठेवायचा आणि कैदी ठेवायचे. खाली कवीच्या नादाने आलेले प्रवासी आणि वर सरकारी बंदुका, असा संसार पुष्कळ वर्षे चालला. रस्त्याच्या बाजूने आगगाडीचे रूळ गेले. आज वर डोंगराच्या कुशीत १९६९ सालापासून मोटारींचा दोन किलोमीटरहून लांब पूल आहे. म्हणजे वाट आजही तिथूनच जाते. जकात तेवढी थांबली.

भगिनींनो, माझ्या घरकामाच्या अनुभवावरून मला वाटते की हा किल्ला वाचला तो वापरामुळेच. बंद ठेवलेले घर किती लवकर खचते हे आपण आपल्याच गल्लीत पाहतो. चार पावसाळे कोणी कौले चाळली नाहीत की वासे कुजतात. शियोंमध्ये धान्य होते म्हणून उंदीर आले असतील, पण छप्पर शाकारायला माणूसही आला. कोठार म्हणून का होईना, कोणीतरी किल्ली घेऊन येत होते. मात्र वापराने घर टिकते, एवढ्याने वापर चांगला ठरत नाही. भिंतींना काय, त्या गव्हालाही सावली देतात आणि बेडीलाही. निवड माणसाची असते.

डागडुजीची हकीकत मला विशेष आवडली. १८८७ साली तिथल्या नागरिकांनी किल्ल्याच्या जीर्णोद्धारासाठी संस्था काढली. मंडळच म्हणा ना. पुढे अल्बेर नेफ नावाच्या जाणकाराकडे काम सोपविले. त्या काळी जीर्णोद्धार म्हणजे जुने पाडून जुन्यासारखे नवे बांधायचे, टोकदार कळस चढवायचे, अशी पद्धत होती. नेफने तसे केले नाही. त्याने आधी मोजमापे घेतली, खणून पाहिले, फोटो काढले, जुनी हिशेबाची गुंडाळी वाचवून घेतली, आणि मग दगडाला हात लावला. नवे काम जुन्यात मिसळून फसवणूक होऊ नये म्हणून नव्या कामावर खुणा केल्या. जुन्या लुगड्याला ठिगळ लावावे आणि ठिगळ ठिगळच दिसू द्यावे, तसे हे. हे काम त्याने तीस वर्षांहून अधिक काळ केले. १८९८ साली व्हो प्रांताने जुन्या वास्तूंच्या रक्षणाचा कायदाही केला.

दुसऱ्या महायुद्धात स्वित्झर्लंड लढाईत उतरले नव्हते, पण भीती होतीच. तेव्हा १९४१ च्या सुमारास, किल्ल्याच्या बरोबर समोर रस्त्यापलीकडच्या डोंगरात लष्कराने गुपचूप दुसरा किल्ला पोखरला. वरून काही दिसत नाही. आत भुयारे, तोफा, सैनिकांच्या निजायच्या जागा. सातशे वर्षांनी पुन्हा तीच चिंचोळी वाट राखायची होती. ते लष्करी ठाणेही आता निवृत्त झाले आहे आणि २०२० च्या डिसेंबरपासून लोकांना पाहायला खुले आहे. दोन्ही किल्ले समोरासमोर, आणि दोघांच्याही दारात तिकिटाची खिडकी!

आज शियोंचा कारभार २००२ पासून एक विश्वस्त संस्था पाहते. वर्षाला लाखो माणसे येतात. शाळेची मुले सहलीला येतात. दालने समारंभाला मिळतात, मेजवान्या होतात. किल्ल्याच्या नावाच्या मळ्यातल्या द्राक्षांची दारू तळघरातल्या पिपांत मुरवतात आणि ती विकून किल्ल्याच्या खर्चाला हातभार लागतो. म्हणजे तळघर फिरून आपल्या पहिल्या कामावर आले, कोठारावर. मला हे फार बरे वाटले.

आणखी एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. स्वित्झर्लंड एवढे पुढारलेले, पण तिथल्या बायकांना देशाच्या निवडणुकीत मत मिळाले ते १९७१ साली. आपल्या आज्यांनी १९५१-५२ च्या पहिल्याच निवडणुकीत मत दिले होते. त्यांतही प्रांताच्या कारभारात बायकांना सर्वांत आधी मत दिले ते याच व्हो प्रांताने, १ फेब्रुवारी १९५९ रोजी. किल्ला प्रांताच्या मालकीचा. तेव्हा मी असा हिशेब केला की ज्या किल्ल्यात बाया बेड्यांत होत्या, त्याच्या मालकीत बायांचा शब्द चालायला त्यानंतर साडेतीनशे वर्षे लागली. पण चालू लागला.

आता आपल्या घराकडे वळते आणि संपवते.

आपल्या मंडळाचीही एक खोली आहे, कपाट आहे आणि कपाटात वह्या आहेत. या स्मरणिकेच्या निमित्ताने मी आणि चिटणीसबाईंनी त्या काढल्या. झुरळांनी कडा खाल्ल्या आहेत, पण अक्षर शाबूत आहे. रव्याचा भाव आहे, सतरंजीची किंमत आहे, भाड्याने आणलेल्या पातेल्याचा हिशेब आहे. देणगीदारांची नावे आहेत, अध्यक्षांची आहेत. पातेले घासणारीला दिलेले पैसे लिहिले आहेत, तिचे नाव नाही. आणि फार जुन्या, आमच्या आधीच्या पिढीच्या वहीत हळदीकुंकवाच्या बोलावण्याची यादी आहे. तिच्यात काही घरे गाळलेली आहेत. कोणती घरे गाळली आणि का गाळली, हे इथे बसलेल्या वडीलधाऱ्या भगिनींना सांगावे लागणार नाही. त्या घरची बाई तोवर विधवा झालेली होती. पुढे ठराव झाला, सगळ्यांना बोलावणे जाऊ लागले, तोही वहीत आहे.

स्मरणिकेत मंडळाचा इतिहास लिहिताना ती जुनी यादी वगळावी असे एक मत निघाले. मंगल प्रसंगी कशाला, असे म्हणणे. ते म्हणणाऱ्या भगिनींचा हेतू चांगलाच आहे. पण माझे मत असे की यादी छापावी, आणि तिच्याखालीच पुढचा ठराव छापावा. ठिगळ ठिगळच दिसू द्यावे. नाहीतर आपल्या सुनांना वाटेल की सगळ्यांना बोलावणे पहिल्यापासूनच होते, आणि ज्या बायांनी सभेत उभे राहून, लोकांचा रोष पत्करून तो ठराव करवून घेतला, त्यांचे श्रम पुसले जातील. ज्या दाराआड बसून राहिल्या, त्याही पुसल्या जातील. त्यांपैकी दोघी आज आपल्यात आहेत. त्यांची परवानगी असेल तरच नावे छापावी, एवढे मात्र पाळावे.

आणि यापुढे वहीत पैशाबरोबर माणसाचे नावही लिहावे. पातेले कोणी घासले, रांगोळी कोणी काढली, आजारी सभासदाच्या घरी डबा कोणी पोचविला. एक ओळ जास्त लागेल, एवढेच. त्या परक्या देशात, तळ्याकाठच्या तळघरात, ज्यांचा फक्त खर्च लिहिला आणि नाव गेले, त्या बायांसाठी आपल्याला आता काही करता येत नाही. पण आपल्या कपाटातली वही आपल्या हातात आहे, आणि पेनही.

माझे बोलणे लांबले. चहा तयार आहे असे आतून खुणावताहेत. तो कोणी केला आहे ते आजच्या इतिवृत्तात चिटणीसबाईंनी अवश्य लिहावे, अशी विनंती करून मी आपली रजा घेते.